तेलाचा हात

खंडेनवमीला आमच्या शेडमध्ये मशीन चालत नाही. पोरं सकाळी आठला येतात, लेथखालचा लोखंडाचा कीस झाडून काढतात, कोबा धुतात आणि मग एकेका मशीनवर तेलाचा बोळा फिरवायला घेतात. लेथचा बेड, ड्रिलचा खांब, व्हाइसचा स्क्रू, हातोडे, पाने, कानशी, काही सुटत नाही. वर्षभर राबलेलं लोखंड तेलाच्या एका हाताने उजळून निघतं. मग झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ. आपल्याकडे हत्याराला तेल देणं म्हणजे त्याला जेवू घालणंच. बैलगाडीच्या आसाला वंगण, शिवणयंत्राला थेंबभर तेल, विळ्याला, अडकित्त्याला तेलाचं बोट. तेल म्हणजे निगा, तेल म्हणजे माया.

शेडच्या फक्त एका कोपऱ्यात तेलाला मज्जाव आहे. तिथे ट्रॉलीवर साखळीने बांधलेले दोन सिलिंडर उभे असतात, ऑक्सिजनचा काळा आणि ॲसिटिलीनचा मरून रंगाचा. त्यांच्या डोक्यावर रेग्युलेटर, तिथून निघालेले निळा आणि लाल असे दोन पाइप, आणि खुंटीला टांगलेली पितळी कटिंग टॉर्च. ते सगळं कोरड्या, धुतलेल्या फडक्याने पुसायचं. हळदकुंकवाचं बोट सिलिंडरच्या पोटाला लावायचं, व्हॉल्व्हला नाही. निरांजन लांब, लेथपाशी.

गेल्या वर्षी नांदेडकडचा एक नवा हेल्पर तेलाचा बोळा घेऊन भक्तिभावाने त्या रेग्युलेटरकडे निघाला. मी धावत जाऊन त्याचं मनगट धरलं. तो दचकला. मग हळूच म्हणाला, "काका, ह्यालाच का नको?"

हाच प्रश्न मी १९९८ साली विचारला होता, आणि मला उत्तर मिळालं होतं. आज माझी दहाही बोटं जागेवर आहेत, दोन्ही डोळ्यांना दिसतं, ते त्या उत्तरामुळे असं मी मानतो.

तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावातून मी भोसरीत आलो, तेव्हा चाकण हे कांदा-बटाट्याच्या बाजाराचं गाव म्हणून लोकांना ठाऊक होतं. फोक्सवॅगनचा कारखाना तिथे उभा राहायला २००९ साल उजाडायचं होतं. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी हा पट्टा मात्र केव्हाच कारखान्यांचा झाला होता. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज. या मोठ्या कारखान्यांच्या आधाराने गल्लोगल्ली पत्र्याची शेडं वाढली. टेल्कोत शिकाऊ उमेदवारांना रीतसर शिकवत. मोरवाडीत महापालिकेची आयटीआय आहे. पण गावाकडून पिशवी घेऊन उतरलेल्या, दहावीला अडलेल्या पोराला शेड हीच शाळा होती आणि मिस्त्री हाच मास्तर. आणि बहुतेक शेडांतली शिकवण्याची पद्धत दोन शब्दांची होती : "बघून शीक."

माझं नशीब असं, की मला भेटलेले मिस्त्री त्या पद्धतीचे नव्हते. कराडकडचे, कमी बोलणारे, पन्नाशीचे. त्यांनी पहिले आठ दिवस मला टॉर्च पेटवूच दिली नाही. नुसती जोडायची, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं आणि सोडवायची. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या डोळ्यांना रुमाल बांधला आणि म्हणाले, "आता जोड." हाताला लगेच कळलं. ऑक्सिजनचे आटे सरळ, ॲसिटिलीनचे उलटे. शिवाय ॲसिटिलीनच्या नटाच्या कडांवर खाचा, बोटाला जाणवणाऱ्या. मिस्त्री म्हणाले, "ज्यानं हे केलं ना, त्याला म्हाईत हुतं की माणूस दमतो. रातपाळीला डोळं लागत्यात, लाइट जाती. म्हणून चूक डोक्याच्या भरवशावर सोडली न्हाई. ती हातालाच अडली पायजे."

त्याच आठवड्यात मी तेलाचं विचारलं. रेग्युलेटरचा नट घट्ट बसला होता आणि लेथवरची तेलाची बुधली हाताशी होती. मिस्त्रींनी ती माझ्या हातातून काढून घेतली, मला ट्रॉलीपासून लांब नेऊन बसवलं आणि चालू काम थांबवून सांगितलं. "लोखंडाला तेल का देतो आपण? हवा त्याला खाती म्हणून. बरं. हवेत पाचातला एक भाग ऑक्सिजन. तेवढ्यावर चूल पेटती, तेवढ्यावर आपण जगतो. ह्या काळ्या बाटल्यात नुसता ऑक्सिजन हाय, दीडशे किलोनं कोंबलेला. तो स्वतः जळत न्हाई. पण तेल, ग्रीस त्याच्या तावडीत सापडलं की काडी लागत न्हाई, ठिणगी लागत न्हाई. व्हॉल्व्ह उघडला की दाबानंच पेटतं. तुझा तेलाचा हात ही काडीच हाय, असं समज."

कामगारांच्या भाषेत किलो म्हणजे चौरस सेंटिमीटरवरचा दाब. हे मला पुढे कळलं. पण तो दिवस आणि आजचा दिवस, तेलकट हातमोजा घालून मी रेग्युलेटरला हात लावलेला नाही. कुणी पाहत असो वा नसो. कारण ठाऊक झालं की नियम पाळायला पहारेकरी लागत नाही.

ॲसिटिलीनचंही त्यांनी असंच सांगितलं. कार्बाइडवर पाणी पडलं की निघणारा हा वायू. आंबे पिकवायला चोरून कार्बाइड वापरतात ते हेच. त्याला लसणासारखा उग्र वास येतो, आणि तो वास ही आपल्यावर झालेली मेहेरबानी आहे, कारण हवेत जेमतेम अडीच टक्के ॲसिटिलीन मिसळलं तरी ते मिश्रण पेटू शकतं. त्याच्या रेग्युलेटरच्या घड्याळावर एका किलोच्या जवळ तांबडी रेघ असते. पाइपातला दाब तिच्यापुढे न्यायचा नाही. "का?" तर हा वायू जळायला हवाही मागत नाही. दाब वाढला, धक्का बसला, तापला, की त्याचा रेणू आपला आपणच फुटतो. मिस्त्रींच्या शब्दांत, "हा गडी सोताशीच भांडतो."

मग त्याच सिलिंडरमध्ये तो पंधरा किलो दाबाने कसा राहतो? हा प्रश्न मला रात्री खोलीवर पडला आणि सकाळी मी तो विचारला. मिस्त्री खूश झाले. म्हणाले, तो सिलिंडर आतून पोकळ नसतो. आत खारीसारखी भुसभुशीत, लाखो बारीक छिद्रांची भरताड असते, ती ॲसिटोनने भिजवलेली असते आणि वायू त्या ॲसिटोनमध्ये विरघळून राहतो. म्हणूनच त्याचं नाव डिझॉल्व्ह्ड ॲसिटिलीन, आम्ही त्याला डीए म्हणतो. म्हणूनच डीए आडवा ठेवून वापरायचा नाही, नाहीतर वायूबरोबर ॲसिटोन बाहेर येईल आणि आतल्या वायूचा आधारच जाईल. म्हणूनच तासाला त्याच्या एकूण साठ्याच्या सातव्या हिश्शापेक्षा जास्त वायू ओढायचा नाही. एक कारण कळलं आणि दोन नियम आपोआप पाठ झाले.

पुष्कळ वर्षांनी मी स्वीडनच्या गुस्ताफ डालेनबद्दल वाचलं. सिलिंडरमधली ती सच्छिद्र भरताड सुरक्षित करण्यात या इंजिनिअरचा मोठा वाटा. १९१२ साली ॲसिटिलीनच्या सिलिंडरची चाचणी घेताना स्फोट झाला आणि त्याची दृष्टी कायमची गेली. त्याच वर्षी दीपगृहांच्या वायुदिव्यांसाठी केलेल्या आपोआप चालणाऱ्या व्हॉल्व्हबद्दल त्याला पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. ते घ्यायला त्याचा भाऊ गेला, तो डोळ्यांचा डॉक्टर होता. डालेन पुढे १९३७ मध्ये मरेपर्यंत कंपनी चालवत राहिला. हे वाचल्यापासून डीए उभा करून साखळी लावताना मला दर वेळी वाटतं, की या सरळ उभ्या सिलिंडरमागे एका माणसाचे डोळे आहेत. नियमपुस्तकात एका ओळीत येणारी गोष्ट शोधायला कुणीतरी केवढी किंमत मोजलेली असते!

नवव्या दिवशी टॉर्च पेटली. बारा मिलीची प्लेट, तिच्यावर खडूने मारलेली सरळ रेघ. प्लेट कोब्यावर ठेवायची नाही, घोड्यांवर ठेवायची, कारण कोब्यात मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन त्याच्या तापलेल्या खपल्या तोंडावर उडतात. पाइप पाठीमागे घ्यायचे, ठिणग्या पडतील तिथे नाही. रेग्युलेटरचे स्क्रू आधी सैल. ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा, रेग्युलेटरसमोर नाही, बाजूला उभं राहून. डीएचा व्हॉल्व्ह फक्त एक फेरा, आणि चावी त्याच्यावरच राहू द्यायची, म्हणजे वेळ आली तर शोधत बसावं लागणार नाही. मग टॉर्चचा लाल खटका थोडा उघडून चकमकीच्या लायटरने ठिणगी द्यायची, काडीपेटीने नाही. भप्प आवाज झाला आणि पिवळी, लांब, आळशी ज्योत आली. तिच्या टोकातून काजळीचे काळे धागे सुटून शेडभर तरंगायला लागले. वायू वाढवला तशी काजळी थांबली. मग निळ्या बाजूने ऑक्सिजन सोडला. ज्योत आखडली, निळसर झाली, तिच्या पोटातला पांढुरका पिसारा आत आत सरकत गेला आणि नोजलच्या तोंडाशी सहा छोट्या, टोकदार, लख्ख कळ्या उरल्या. "ही न्यूट्रल," मिस्त्री म्हणाले. तीन हजार अंशांच्या वरची ती ज्योत हातात अगदी शांत होती.

प्लेटची कड तांबडी झाली, मग नारिंगी. मला वाटत होतं की ज्योत लोखंड वितळवते आणि म्हणून ते कापलं जातं. मिस्त्रींनी माझा अंगठा कटिंगच्या दांड्यावर दाबला. नोजलच्या मधल्या भोकातून ऑक्सिजनची धार सुटली आणि प्लेटखाली ठिणग्यांचा पाऊस कोसळला. मांजरपाट फाडावं तसा एकसुरी आवाज येऊ लागला. तो आवाज हीच चांगल्या कापाची खूण. थांबल्यावर त्यांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "काय झालं सांग?" मी म्हटलं, वितळलं. "न्हाई. जळलं." वितळायला लोखंडाला पंधराशे अंश लागतात. नऊशेच्या आसपासच ते इतकं तापतं, की शुद्ध ऑक्सिजन मिळताच लाकडासारखं जळू लागतं. जळून झालेली राख पातळ होऊन खाली गळते आणि मागे चीर उरते. आपण चूल फक्त पेटवून द्यायची, सरपण म्हणजे खुद्द लोखंड. म्हणूनच या टॉर्चने स्टेनलेस स्टील नीट कापलं जात नाही. त्यातल्या क्रोमियमची न वितळणारी साय वर धरते आणि जळणं थांबतं.

लोखंड जळतं, हे डोळ्यांनी पाहिलं तेव्हा ऑक्सिजन म्हणजे काय ते मला खऱ्या अर्थाने समजलं. निदान मला तसं वाटलं.

त्यानंतरचा पहिलाच मे महिना. वर पत्रा, समोर ज्योत, अंगावर जाड कापडाचा घामाने चिंब शर्ट. दुपारी मी टॉर्च बंद केली आणि गार वाटावं म्हणून ऑक्सिजनची धार शर्टाच्या आत सोडली. दोन-तीन शेडांत मी हे पाहिलं होतं. कुणी कपड्यांवरची धूळ उडवायला धार मारत, कुणी गारव्यासाठी. मिस्त्री ओरडले नाहीत. त्यांनी मला दारात ओढलं, शर्ट काढायला लावला आणि वाऱ्यावर वाळत घातला. अर्धा तास मला कुठल्याही ज्योतीजवळ जाऊ दिलं नाही. मग सुताचा एक धागा घेऊन त्याला ठिणगी लावली, तो धुमसत राहिला. तोच धागा चिमट्यात धरून ऑक्सिजनच्या हलक्या धारेत नेला. क्षणात तो पांढऱ्या उजेडाने भडकला आणि संपला. "तुझा शर्ट आत्ता असा झाला हुता," ते म्हणाले. "एक बिडी पुरली असती." माझे पाय थरथरत होते. मला लोखंडाचं कारण कळलं होतं, कापडाचं कळलं नव्हतं. कारण एकच होतं, मी ते पुढे नेलं नव्हतं.

हे सगळं मला मिळालं. माझ्या खोलीतल्या जोडीदाराला मिळालं नाही.

लांडेवाडीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाचजण राहत होतो. तो माझ्याच तालुक्यातला. कुदळवाडीत एका भंगाराच्या शेडमध्ये गॅस कटर म्हणून लागला. आठ दिवसांत कापायला शिकला, माझ्यापेक्षा सरळ रेघ मारायचा. त्याच्या शेडमध्ये पाटी होती, ड्रम कापू नयेत अशी. का कापू नयेत, हे पाटीवर नव्हतं आणि सांगणारं कुणी नव्हतं. एका संध्याकाळी दोनशे लिटरचा ड्रम समोर आला. झाकण उघडून पाहिलं, आत थेंबही नव्हता. त्याने टॉर्च लावली.

त्याला पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात नेलं. मी रात्री पोचलो तेव्हा त्याचं तोंड आणि दोन्ही हात पट्ट्यांत होते. जीव वाचला होता. तो पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होता, "रिकामाच होता की रे. रिकामाच होता."

भरलेल्या ड्रमपेक्षा रिकामा ड्रम घातक असतो. भरलेल्या ड्रममध्ये वाफेला जागा थोडी असते. रिकाम्यात तळाच्या, शिवणीच्या ओलीतून सुटलेली वाफ हवेत मिसळून स्फोटाला तयार बसलेली असते. तेलकट ओल थंड असताना वासही देत नाही, ज्योत लागली की तिची वाफ होते. ही चार वाक्यं आहेत. ती सांगायला एक मिनिट लागत नाही. तेव्हाच्या कारखाने अधिनियम १९४८ मध्ये कलम ३७ होतं. ज्या टाकीत, भांड्यात स्फोटक किंवा ज्वालाग्राही पदार्थ आहे किंवा पूर्वी होता, ते नीट साफ करून धोका काढून टाकल्याशिवाय त्यावर वेल्डिंग किंवा कटिंग करू नये, असं त्यात सांगितलेलं होतं. "किंवा पूर्वी होता" हे तीन शब्द त्या पोराच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून कायद्यात होते. त्याच्या कानापर्यंत ते कुणी आणले नाहीत.

तो गावी परत गेला. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने कुदळवाडीतली भंगाराची बेकायदा शेडं मोठ्या प्रमाणात पाडली. बातमीतले फोटो पाहताना मी त्याचं शेड कुठे असेल ते शोधत होतो. शेडं गेली. पण भंगार दुसरीकडे जाईल, टॉर्चही दुसरीकडे जाईल, आणि ती कुणातरी नव्या पोराच्या हातात असेल.

मध्ये एक उन्हाळा असाही आला, की आमची टॉर्च खुंटीवरून निघालीच नाही. २०२१ चा एप्रिल. नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवरचं जम्बो कोविड रुग्णालय भरलेलं. २२ एप्रिलपासून केंद्र सरकारने मोजके उद्योग वगळून बाकीच्यांचा ऑक्सिजन थांबवला आणि तो रुग्णालयांकडे वळवला. आमचे काळे सिलिंडर रिकामे उभे होते. तेव्हा मी महाळुंग्यात स्वतःचं लहानसं शेड टाकलेलं होतं, हातात ऑर्डर होत्या. पण एका दिवसासाठीही मनात तक्रार आली नाही. आपण प्लेटवर ज्याची धार सोडतो, तोच वायू तिथे लिटरा-लिटराने मोजून माणसांना दिला जात होता. लोखंड भडाभडा जळतं, आपण सावकाश जळतो. ऑक्सिजन दोघांना तोच.

दर वर्षी ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, या पट्ट्यातल्या कारखान्यांत शपथ होते, छातीवर बिल्ले लागतात, नव्या पाट्या लागतात. हे सगळं हवंच. चष्मा, चामड्याचे हातमोजे, आग पाइपात उलटी शिरू न देणारे फ्लॅशबॅक अरेस्टर यांवर पैसे वाचवणारा मालक माझ्या लेखी गुन्हेगार आहे. पण पाटी फक्त हुकूम देते, आणि दुपारच्या घाईत माणूस हुकूम विसरतो. टॉर्चमधून शिट्टीसारखा आवाज आला की ज्योत आत शिरली आहे, आधी ऑक्सिजन बंद कर, मग ॲसिटिलीन. हे नुसतं पाठ केलेला घाबरला की उलटं करतो. आत शिरलेली आग ऑक्सिजनवर जगते, म्हणून आधी तिचं अन्न तोडायचं, हे ज्याला समजलंय त्याचा हात भीतीतही बरोबर खटक्याकडे जातो.

त्या खंडेनवमीला मी नांदेडच्या पोराला दारात बसवलं. नारळ फोडायचा राहिला, बाकीची पोरंही येऊन बसली. तेलाचं सांगितलं, मग धाग्याचा प्रयोग करून दाखवला, मग ड्रमचं सांगितलं. पाऊण तास गेला. शेवटी त्याने बोळा खाली ठेवला, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, कोरडं फडकं घेतलं आणि रेग्युलेटर पुसला.

भोसरी असो, चाकण असो, तुमच्या हाताखाली एखादं पोर टॉर्च धरायला शिकत असेल, तर त्याला "असं करू नको" एवढंच म्हणून पुढे जाऊ नका. काम थांबवा, त्याला ज्योतीपासून लांब बसवा आणि का करू नये ते सांगा. त्याने विचारलं नाही, तरी सांगा.